‘मनी’ म्हणजे नेमके कुठले पैसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत कॅश काउंटरवर बरीच वर्षं काढली. आता संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवण्याचे वर्ग घेतो. दोन्हीकडे प्रश्न पैशांचेच. दर बॅचमध्ये कोणीतरी वहीत ‘मनी’ लिहून पुढे बरोबरचं चिन्ह काढतं आणि विचारतं, “सर, याला दुसरे शब्द सांगा ना.” माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे कोणी दिले, कोणाला दिले, कशाबद्दल दिले, ते आधी सांग, मग शब्द सांगतो. खालचे प्रश्न वर्गात विचारलेले आहेत, काही परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी तिकडून फोनवर विचारलेले.

‘मनी’ला समानार्थी शब्द किती आहेत?

एक काढून दुसरा बिनदिक्कत ठेवावा असे जवळपास नाहीतच. यादी मात्र लांबलचक निघते: कॅश, करन्सी, फंड्स, कॅपिटल, वेल्थ, सम, अमाउंट. पण मराठीत बघा. रोकड, चलन, निधी, भांडवल, संपत्ती, रक्कम हे सगळे पैसेच. तरी “भाजीवाल्याला निधी दिला” असं आपण म्हणत नाही, आणि “मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी रोकड” म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

कॅश म्हणजे हातात धरता येतील त्या नोटा आणि नाणी. म्हणून ‘आय हॅव मनी, बट आय हॅव नो कॅश’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. फोनवरून पैसे देण्याच्या दिवसांत तर ते रोजचंच झालंय. करन्सी म्हणजे एखाद्या देशाचं चलन. फंड म्हणजे एखाद्या कामासाठी बाजूला काढलेले पैसे आणि फंड्स म्हणजे खर्चायला उपलब्ध असलेले पैसे. खात्यात पुरेशी रक्कम नसताना चेक परत येतो तेव्हा कारण छापलेलं असतं ‘इन्सफिशंट फंड्स’. तिथे ‘इन्सफिशंट मनी’ कोणी लिहीत नाही. मराठीत नुसतं ‘फंड’ म्हटलं की नोकरदार माणसाला प्रॉव्हिडंट फंड आठवतो. “फंडातून काढले आणि पोरीचं लग्न केलं” हे वाक्य मी काउंटरच्या काचेआडून कितीदा ऐकलं असेल.

कॅपिटल म्हणजे धंद्यात घातलेलं भांडवल. इथे मराठी आणि इंग्रजी नकळत एकाच वाटेने गेल्या आहेत. आपण म्हणतो, “त्याने एवढ्याशा गोष्टीचं भांडवल केलं.” इंग्रजीतही ‘मेक कॅपिटल आउट ऑफ इट’ म्हणतात, आणि अर्थ तोच.

पैसे अनेकवचनी, मग ‘मनी’ एकवचनी कसं?

मराठी माणसाची सगळ्यात हट्टी चूक इथे होते. आपल्या डोक्यात “पैसे आले, पैसे गेले, किती पैसे” असं चाललेलं असतं, म्हणून इंग्रजीतही ‘मनी आर’ आणि ‘हाऊ मेनी मनी’ बाहेर पडतं.

पैसा मोजता येतो, कारण पैसा हे एक नाणं होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले; त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. म्हणजे ‘पैसे’ हा मुळात नाण्यांचा ढीग. ‘मनी’ हे कुठल्याच नाण्याचं नाव नाही. इंग्रजीला ते पाण्यासारखं वाटतं. “तीन पाणी” म्हणत नाही तसं ‘थ्री मनी’ म्हणायचं नाही. म्हणून ‘हाऊ मच मनी’, ‘मनी इज’, ‘द मनी हॅज कम’.

मोजायचं असेल तर एकक घ्या: ‘हाऊ मेनी रुपीज’. इथे आणखी एक गंमत आहे. रुपये अनेक असले तरी रक्कम एक गठ्ठा म्हणून बोलताना क्रियापद एकवचनी येतं: ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ.’ पोरं हे ऐकून माझ्याकडे संशयाने बघतात. आणि ‘मच’ हा शब्द नकारात आणि प्रश्नातच शोभतो. होकारात ‘आय हॅव मच मनी’ पुस्तकी वाटतं. तिथे ‘अ लॉट ऑफ मनी’ म्हणा.

करारनाम्यांत आणि कोर्टाच्या कागदांत ‘मनीज’ असं अनेकवचन दिसतं, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या रकमा अशा अर्थाने. वकिलांना ते राहू द्यावं.

उच्चार ‘मनी’ की ‘मॉनी’?

लिहिताना ओ आहे, पण बोलताना घरातल्या मांजराला हाक मारतो तसं: मनी. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण मी वर्गात मुद्दाम सांगतो. एका मुलाने तिचा अर्थ “पैसा असला की चांगली स्वप्नं पडतात” असा लिहून आणला होता. मी त्याला अर्धा गुण दिला.

सुट्टे, मोड, चिल्लर, उरलेले पैसे: इंग्रजीत काय काय?

चारही ठिकाणी ‘चेंज’ चालतं, आणि घोळ नेमका त्यातूनच होतो. ५०० ची नोट मोडून हवी असेल तर ‘कॅन यू ब्रेक अ फाइव्ह हंड्रेड?’ किंवा ‘डू यू हॅव चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड?’ खिशातली खुळखुळणारी नाणी म्हणजे ‘लूज चेंज’ किंवा ‘स्मॉल चेंज’. दुकानदाराने परत द्यायचे पैसे म्हणजे ‘माय चेंज’. आणि टॅक्सीवाल्याला “राहू द्या वरचे” म्हणायचं असेल तर ‘कीप द चेंज’.

आपल्याकडे एसटीचा कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून द्यायचा आणि उतरताना ती आठवणीने मागायची. ‘ही ओज मी ट्वेल्व्ह रुपीज’ एवढं वाक्य त्याला पुरतं. तिकिटामागच्या त्या आकड्याला इंग्रजीत खास नाव आहे का, असं एकाने विचारलं. माझ्या माहितीत नाही, आणि असायचं कारणही दिसत नाही. ज्यांच्या बसमध्ये ही वेळ आली नाही त्यांनी शब्द कशाला घडवावा?

‘भाडं’ या एका शब्दाला इंग्रजीत इतके शब्द का लागतात?

मराठीत बसचं भाडं, खोलीचं भाडं, मांडववाल्याचं भाडं, ट्रकचं भाडं. एका शब्दात सगळं उरकतं. इंग्रजीत कशाचं भाडं त्यावर नाव बदलतं.

माणूस प्रवास करतो त्याचं भाडं म्हणजे ‘फेअर’: बस फेअर, टॅक्सी फेअर, एअरफेअर. माल प्रवास करतो त्याचं भाडं म्हणजे ‘फ्रेट’. घरात किंवा दुकानाच्या गाळ्यात राहण्याचं भाडं ‘रेंट’. थोड्या वेळासाठी वस्तू घेतली, सायकल, मांडव, सूट, तर इंग्लंडमध्ये ‘हायर’ आणि अमेरिकेत तिथेही ‘रेंट’. अमेरिकेत ‘हायर’ हे क्रियापद माणसाला नोकरीवर ठेवण्यासाठी वापरतात. “मी गाडी हायर केली” म्हटलं तर समजून घेतील, पण ‘रेंटेड’ हा त्यांचा शब्द.

खोलीचं भाडं ठरवताना आणखी दोन रकमा येतात. अनामत म्हणजे ‘डिपॉझिट’, ती परत मिळायची असते, निदान कागदावर तरी. आणि मुंबईतली पागडी? अनेकांना वाटतं हा शब्द इंग्रजीत सांगताच येत नाही. येतो: ‘की मनी’. जागेची चावी हातात पडावी म्हणून भाड्याव्यतिरिक्त मोजायचे पैसे. भाडं पुढे चालू राहतं आणि हे पैसे वेगळे. पागडीच्या चाळीत तीन पिढ्या काढलेल्या एका काकांना मी हा शब्द सांगितला तेव्हा ते म्हणाले, “चावी मिळाली, घर कुठे मिळालं?” भाडेकरूही नाही आणि मालकही नाही, ही त्या व्यवहारातली खरी अडचण, इंग्रजी शब्दात ती मावत नाही.

पगार, मजुरी, मानधन, विद्यावेतन: प्रत्येकाला वेगळा शब्द आहे का?

आहे, आणि इथे मराठी इंग्रजीच्या तोडीस तोड आहे. महिन्याचा बांधील पगार ‘सॅलरी’. रोजावर, तासावर किंवा आठवड्यावर मिळते ती मजुरी ‘वेजेस’, बहुधा अनेकवचनात. शिकाऊ डॉक्टर किंवा संशोधक विद्यार्थ्याचं विद्यावेतन ‘स्टायपेंड’. परीक्षक, व्याख्याता यांना पाकिटात घालून देतात ते मानधन ‘ऑनररियम’. सुरुवातीचा एच बोलायचा नाही. डॉक्टर, वकील, सीए यांना देतो ती ‘फी’. दलालाची ‘कमिशन’. लेखकाचं स्वामित्वधन ‘रॉयल्टी’, जे मराठी लेखकांना विचारलं तर ते विषय बदलतात.

भत्ता म्हणजे ‘अलाउन्स’. महागाई भत्त्याला ‘डिअरनेस अलाउन्स’ का म्हणतात, हा प्रश्न दर वर्षी येतो. डिअर म्हणजे प्रिय, तसंच डिअर म्हणजे महाग. हा दुसरा अर्थ इंग्लंडमध्ये आजही बोलण्यात आहे. ‘दॅट्स अ बिट डिअर’ म्हणजे जरा महागच आहे. अमेरिकेत मात्र पोराला आठवड्याला देतात त्या खाऊच्या पैशांना ‘अलाउन्स’ म्हणतात. त्यालाच इंग्लंड आणि आपण पॉकेटमनी म्हणतो.

आता एक सांभाळायचा शब्द: ग्रॅच्युइटी. आपल्याकडे १९७२ साली कायदा झाला आणि ग्रॅच्युइटी म्हणजे अनेक वर्षांच्या नोकरीनंतर हातात पडणारी एकरकमी रक्कम हे डोक्यात पक्कं बसलं. अमेरिकेतल्या हॉटेलात बिलावर ‘ग्रॅच्युइटी इन्क्लूडेड’ दिसतं तेव्हा ती वेटरची टिप असते. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ मुलाकडे गेले होते. बिल बघून म्हणाले, “याने एवढ्या लवकर रिटायर का व्हावं?”

सॅलरी हा शब्द मिठावरून आला, हे खरं का?

अर्धं खरं. लॅटिनमध्ये ‘सालारियम’ असा शब्द होता आणि त्यात ‘साल’ म्हणजे मीठ आहे, इथपर्यंत ठीक. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मिठाच्या गोण्या मिळत, ही जी गोष्ट सकाळच्या सुविचारांबरोबर फॉरवर्ड होऊन येते, तिला ठोस पुरावा नाही.

त्यापेक्षा मला दोन गोष्टी जास्त आवडतात. पहिली ‘मनी’ची. रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर जूनो मोनेटा या देवीचं देऊळ होतं आणि त्याला लागूनच नाणी पाडायची टांकसाळ होती. मोनेटा या नावावरून फ्रेंचमार्गे ‘मनी’ आला, आणि टांकसाळीला ‘मिंट’ म्हणतात तोही तिथूनच. देवीच्या शेजारी पैसा, ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं काही कारण नाही.

दुसरी ‘पिक्यूनिअरी’ या शब्दाची. अर्थ ‘पैशासंबंधीचा’. मूळ लॅटिन ‘पेकुस’, म्हणजे गुरंढोरं. हा पेकुस आणि आपला संस्कृत ‘पशु’ एकाच घरातले सख्खे भाऊ आहेत. ज्याच्या गोठ्यात गुरं जास्त तो श्रीमंत, हे तिकडेही आणि इकडेही. पशुधन, गोधन हे आपले शब्द तेच सांगतात.

‘कॅश’ हा शब्द तमिळमधून आला असं ऐकलं. खरं आहे का?

दोन ‘कॅश’ आहेत आणि ते दिसायला जुळे असले तरी नात्यात नाहीत. बँकेतली कॅश आली लॅटिन ‘काप्सा’वरून, म्हणजे पेटी. पैसे ठेवायच्या पेटीचं नाव पेटीतल्या पैशांना चिकटलं. कॅशियर म्हणजे पेटी सांभाळणारा, मराठीत रोखपाल.

दुसरं कॅश हे नाण्याचं नाव होतं. तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजांनी घेतलं आणि पुढे इंग्रजांनी. मद्रासेत कंपनीच्या काळात ८० कॅशचा एक फणम आणि ४२ फणमांचा एक पॅगोडा असा हिशोब चाले. चीनच्या भोक पाडलेल्या नाण्यांनाही इंग्रज कॅशच म्हणत. ते नाणं गेलं, शब्दही वापरातून गेला. तमिळमध्ये कासु अजून आहे.

उसने पैसे मागताना ‘बॉरो’ म्हणायचं की ‘लेंड’?

मराठीत “उसने दे” आणि “उसने घेतो”, शब्द एकच, दिशा क्रियापद सांगतं. इंग्रजीत दोन दिशांना दोन शब्द. देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’ करतो. ‘कॅन यू बॉरो मी हंड्रेड रुपीज?’ हे वाक्य म्हणजे मागणाऱ्याने स्वतःलाच देणेकरी आणि घेणेकरी दोन्ही करून टाकण्यासारखं. ‘कॅन यू लेंड मी’ म्हणा, नाहीतर ‘कॅन आय बॉरो’. मी फळ्यावर हात काढून दाखवायचो: लेंडमध्ये हात पुढे जातो, बॉरोमध्ये हात आत येतो.

उसने, उधार आणि कर्ज यांतला फरक मात्र इंग्रजीने नीट जपलेला नाही. उसने म्हणजे ओळखीवर, बिनव्याजी, लिखापढी नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात त्याच जातीचं. उधार म्हणजे माल आज, पैसे नंतर, वाण्याच्या वहीवर. याला ‘ऑन क्रेडिट’. कर्ज म्हणजे ‘लोन’, व्याज आणि कागदपत्रांसकट. उसन्याला एकच नेमकं नाम नाही, क्रियापदानेच भागवावं लागतं. दुकानात “आज रोख, उद्या उधार” अशी पाटी असते, तिचं इंग्रजी करायच्या भानगडीत पडू नका. त्यातली गंमत ‘उद्या’ या शब्दात आहे.

‘हप्ता’ला इंग्रजीत काय म्हणतात?

कुठला हप्ता ते सांगा. टीव्हीचा, गाडीचा, घराचा असेल तर ‘इन्स्टॉलमेंट’, बोलताना ईएमआय. विम्याचा असेल तर ‘प्रीमियम’. आणि दादा लोक दुकानदाराकडून महिन्याला वसूल करतात तो असेल तर ‘प्रोटेक्शन मनी’. मूळ फारसीत हा शब्द आठवड्याचा. आठवडा, मग आठवड्याला द्यायची रक्कम, मग मुकाट्याने द्यायची रक्कम, असा त्याचा प्रवास.

याच घराण्यात ‘हश मनी’ आहे, म्हणजे तोंड बंद ठेवण्याचे पैसे. अपहरणाची खंडणी ‘रॅन्सम’. धाकदपटशाने उकळणं ‘एक्स्टॉर्शन’. आपले पेपर दोन्हीला खंडणी छापतात आणि मग भाषांतर करणाऱ्याची पंचाईत होते. इतिहासातली खंडणी आणखी वेगळी, तिला ‘ट्रिब्यूट’ म्हणतात. मराठ्यांच्या चौथाईचं, म्हणजे महसुलाच्या २५ टक्क्यांचं, आणि सरदेशमुखीच्या १० टक्क्यांचं इंग्रजी करताना तिकडच्या लेखकांनी बऱ्याचदा मूळ शब्दच ठेवले. चौथाईचं ‘चौट’ असं रूप जुन्या इंग्रजी कागदपत्रांत भेटतं.

लाच म्हणजे ‘ब्राइब’. “चहापाण्याचं बघा” याचं शब्दशः इंग्रजी करून परदेशी पाहुण्यासमोर बोलू नका, तो खरोखर चहा मागवेल.

बक, क्विड, ग्रँड हे शब्द वापरावेत का?

ऐकून समजले पाहिजेत. वापरायची घाई नको. इंग्रजी बोलताना शिकाऊ माणसाच्या तोंडी सुरुवातीलाच बोलीतले शब्द आले की ते उसन्या कोटासारखे दिसतात.

‘बक’ म्हणजे डॉलर. बक म्हणजे नर हरीण. १८ व्या शतकात अमेरिकेत हरणाच्या कातड्यांवर देवघेव चालायची, तिथून हा शब्द आला असं मानतात. ‘क्विड’ म्हणजे पौंड आणि त्याचं अनेकवचन होत नाही: वन क्विड, फिफ्टी क्विड. ५ पौंडांची नोट ‘फायव्हर’, १० ची ‘टेनर’. ‘ग्रँड’ म्हणजे हजार, दोन्ही देशांत, आणि त्यालाही अनेकवचनाचा एस लागत नाही. ‘डो’ म्हणजे कणकेचा गोळा, ‘ब्रेड’ म्हणजे पाव. दोन्हींचा बोलीतला अर्थ पैसा. पोटाचा आणि पैशाचा संबंध सगळ्याच भाषांना कळतो.

लंडनच्या बोलीत २५ पौंडांना ‘पोनी’ आणि ५०० पौंडांना ‘मंकी’ म्हणतात. भारतात पूर्वी ५०० रुपयांच्या नोटेवर माकड होतं आणि परतलेल्या गोऱ्या शिपायांनी हा शब्द नेला, अशी कथा तिकडे सांगतात. ऐकायला छान आहे, पण आधार नाही. आपल्याकडे मुंबईच्या बोलीत लाखाला पेटी आणि कोटीला खोका. हा दुसरा शब्द पूर्वी गुन्हेगारीच्या बातम्यांत असायचा, २०२२ पासून राजकारणाने तो घरोघर पोचवला.

अमेरिकन नाण्यांची नावं मात्र पाठ करावीच लागतात, कारण दुकानात तीच ऐकू येतात: ५ सेंटचं ‘निकल’, १० चं ‘डाइम’, २५ चं ‘क्वार्टर’. क्वार्टर म्हणजे आपली जुनी पावली, चार आणे. पार्किंगच्या मशिनजवळ कोणी “क्वार्टर आहे का?” विचारलं तर दचकू नये.

‘बिल’, ‘चेक’, ‘नोट’ यांचा गोंधळ होतो. काय करावं?

इंग्लंडमध्ये हॉटेलात जेवून ‘बिल’ मागतात, अमेरिकेत ‘चेक’ मागतात. अमेरिकेत ‘बिल’ म्हणजे नोटही: ‘अ ट्वेंटी-डॉलर बिल’. आपण इंग्लंडच्या बाजूचे, नोट म्हणजे नोट आणि बिल म्हणजे बिल. न्यूयॉर्कमध्ये वेटरने चेक आणला म्हणून सही करायला पेन काढलेला माणूस मी पाहिलेला नाही, पण त्याची गोष्ट तीन वेगवेगळ्या लोकांकडून त्यांच्याच भावाची म्हणून ऐकली आहे.

एटीएमला इंग्लंडमध्ये ‘कॅश मशीन’ किंवा ‘कॅशपॉइंट’ म्हणतात. पहिलं असं यंत्र २७ जून १९६७ ला लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड इथे बसलं. ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते शिलाँगमध्ये. हे परीक्षेला येत नाही, मला सांगायला आवडतं.

लाख आणि कोटी इंग्रजीत सांगताना चूक होते. सोपी युक्ती?

भारतात बोलत असाल तर ‘लाख’ आणि ‘क्रोर’ हेच इंग्रजी आहे, बिचकू नका. बाहेरच्या माणसाशी बोलताना एवढं लक्षात ठेवा: १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १ अब्ज म्हणजे १ बिलियन. अब्ज हा शब्द आपण शाळेत शिकून विसरलो आणि “शंभर कोटी” म्हणत बसलो. तो आठवला तर गाडी सरळ चालते. स्वल्पविरामही बदलतो: आपलं १,००,००० आणि त्यांचं १००,०००. जुनं ब्रिटिश पुस्तक वाचत असाल तर जरा थांबा, तिथे बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन असू शकतं. ब्रिटिश सरकारने अमेरिकन हिशोब स्वीकारला तो १९७४ मध्ये.

बँकेला मेल लिहिताना ‘माय मनी इज कट’ चालेल का?

नको. “माझे पैसे कट झाले” हे मराठीत छान, समोरच्याला लगेच कळतं आणि सहानुभूतीही मिळते. इंग्रजीत खात्यातून गेले ते ‘डेबिटेड’, खात्यात आले ते ‘क्रेडिटेड’. आणि अशा पत्रात ‘मनी’ऐवजी ‘अमाउंट’ लिहा. ‘द अमाउंट हॅज बीन डेबिटेड फ्रॉम माय अकाउंट बट हॅज नॉट बीन क्रेडिटेड टु द पेयी.’ एवढं एक वाक्य, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक, बस. काउंटरपलीकडे बसलेला असताना मला चार पानी तक्रारी यायच्या, त्यात जावयाचा उल्लेख असायचा आणि व्यवहाराची तारीख नसायची.

परत मिळालेले पैसे ‘रीफंड’. आधी स्वतः खर्च करून ऑफिसकडून नंतर मिळतात ते ‘रीइम्बर्समेंट’. दोन्हींना मराठीत आपण “पैसे परत मिळाले” म्हणतो, पण कंपनीच्या फॉर्मवर रकाने वेगळे असतात.

“खिशात दमडी नाही” हे कसं सांगायचं?

‘आय अ‍ॅम ब्रोक.’ इंग्लंडमध्ये ‘स्किंट’. थोडी अदब ठेवून ‘आय अ‍ॅम अ बिट शॉर्ट धिस मंथ’. महिनाअखेरीची चणचण म्हणतो ते हेच. ‘हार्ड अप’ म्हणजे ओढाताण चालू आहे. ‘बँकरप्ट’ मात्र दिवाळं निघालेल्याला, कोर्टकचेरीसकट. पगार संपला म्हणून तो शब्द वापरू नये. ‘हातावर पोट’ याला ‘हँड टु माउथ’ जवळचं आहे.

पैशांवरच्या मराठी म्हणी इंग्रजीत आहेत का?

काही तंतोतंत आहेत. “पैसे काय झाडाला लागतात?” जगातल्या सगळ्या आईबापांचं एकच वाक्य: ‘मनी डझन्ट ग्रो ऑन ट्रीज.’ “दाम करी काम” याला ‘मनी टॉक्स’. “पैशाकडे पैसा जातो” याला ‘मनी बेगेट्स मनी’. “चमडी जाईल पण दमडी जाणार नाही” याच्या तोडीचं, त्याच नादाचं मला इंग्रजीत सापडलेलं नाही. ‘मायझर’ म्हणून मोकळं व्हावं लागतं.

मराठी बोलताना आपण ‘मनी’ का म्हणत नाही?

खरं आहे. कॅश घेतली, चेंज घेतली, बॅलन्स, लोन, फी, बिल, डिपॉझिट सगळं घेतलं, आणि मूळ शब्द तेवढा बाहेर ठेवला. “माझ्याकडे मनी नाही” असं कोणी म्हणत नाही. तो आला तो जोडशब्दांतूनच: पॉकेटमनी, ब्लॅक मनी, आणि सगळ्यांत जुना, मनीऑर्डर.

पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. कोकणात तर गावंच्या गावं मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेल्या मनीऑर्डरींवर चालली. गिरणीत पगार झाला की फॉर्म भरायचा, खालच्या चिंचोळ्या कुपनावर चार ओळींत ख्यालीखुशाली कोंबायची. पोस्टमन खळ्यात येऊन नोटा दोनदा मोजून द्यायचा, म्हातारीचा अंगठा घ्यायचा आणि तिच्याच सांगण्यावरून कुपन वाचून दाखवायचा. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता असं आपण म्हणतो, पण “मनीऑर्डर इली काय?” हे ती दर महिन्याला विचारायचीच.